रावसाहेबांची शेपटी

आमच्या लॅबमध्ये माणसाचं रक्त आलं की तासाभरात मी सांगते, कुठं काय बिघडलंय. बावीस वर्षं हेच करतेय. दादरच्या आमच्या लॅबमधले डॉक्टरसुद्धा रिपोर्टवर सही करण्याआधी विचारतात, “अनुजा, तू बघितलंस ना?” मी बघितलेलं असतं. आणि अशा मला, एका बोटभर माशाची शेपटी कोण कुरतडतंय ते अडीच महिने कळलं नाही. अजून त्याचा राग जात नाही. आणि कळल्यावर जे झालं त्याचा तर त्याहून जास्त येतो.

मासा मी आईसाठी आणला होता. आई म्हणजे सुंदराबाई, वय अठ्ठ्याहत्तर, मूळ मालवणकडची, लग्न झाल्यापासून लालबागला. आमची चाळ पाडली आणि त्याच जागेवर बावीस मजली टॉवर उभा राहिला. आम्हाला सतराव्या मजल्यावर दोन खोल्या, स्वतःचा संडास आणि एक बंद दार मिळालं. चाळीच्या आठवणी काढून गहिवरणाऱ्यांना मी नेहमी सांगते, सकाळी सात वाजता बालदी घेऊन त्या रांगेत उभे राहा, मग गहिवरा. मला टॉवर आवडला. आईला आवडला की नाही ते कळलं नाही, कारण तिथं गेल्यापासून ती हळूहळू बोलायची बंद झाली.

भांडण नाही, रुसवा नाही. बोलणंच आटलं. मी संध्याकाळी घरी आले की “इलंस?” आणि रात्री “कडी लाव.” मधे काही नाही. लिफ्टची तिला भीती, त्यामुळे खाली उतरणंही बंद. मी दोघींचं मिळून एकटीच बोलायचे आणि मग मलाही कंटाळा यायचा.

मग मी मला येतं ते केलं. तिचं रक्त माझ्या हातानं काढलं. थायरॉईड, बी-ट्वेल्व्ह, साखर, सोडियम, सगळं नॉर्मल. कान तपासले, नॉर्मल. मेंदूच्या डॉक्टरांनी पाच वस्तूंची नावं लक्षात ठेवायला सांगितली, तिनं दहा मिनिटांनी पाचही धडाधड सांगितली. डॉक्टर म्हणाले, “आजार काही नाही. दिवसभर एकट्याच असतात का घरी?” मी म्हटलं, हो, मी नोकरी करते, दुसरं कुणी नाही. ते म्हणाले, “काहीतरी जिवंत आणा घरात.”

आमच्या सोसायटीत कुत्र्यांवरून दोन विंगांमध्ये आधीच महाभारत चाललेलं होतं. मांजर जवळ आलं की आईला शिंका येतात. राहता राहिला मासा. परळला गल्लीत रघुचं माशांचं दुकान आहे, तिथं गेले. तो म्हणाला, “ताई, पहिल्यांदाच पाळताय ना? मग फायटर न्या. मजबूत जीव. एकटाच राहतो. फक्त दुसरा नर टाकू नका सोबत, एक तरी मरणार, लिहून देतो.” मी वांगी रंगाचा, लांब परांचा एक फायटर, बारा लिटरची काचेची टाकी, छोटा फिल्टर आणि एक प्लॅस्टिकचं झाड घेऊन आले. रघुनं जे जे सांगितलं ते सगळं आईला पढवलं. एकट्यालाच ठेवायचं, हेही.

आईनं चष्मा पुसून माशाकडं बघितलं. मालवणी बाईला मासा दाखवला की ती आधी काय बघणार ते ठरलेलं आहे. “ह्येच्यासाठी नारळ फोडूचो काय?” ती म्हणाली. कित्येक महिन्यांत तिचं ते पहिलं लांब वाक्य होतं.

तिसऱ्या दिवशी त्याचं नाव रावसाहेब पडलं होतं. मागं धोतराचा सोगा सोडून चालणाऱ्या कुणा जुन्या पुढाऱ्यासारखा तो फिरतो, म्हणून. आठवड्याभरात आई दारातच बातम्या द्यायला लागली. आज रावसाहेबांनी दोनच दाणे खाल्ले. आज रावसाहेब झाडामागं जाऊन रुसले. ज्या दिवशी घरात बांगडे तळायचे असत त्या दिवशी ती टाकीवर फडका टाकायची, त्याला दिसू नये म्हणून. मी हसले तर म्हणाली, “हसा नको. तेच्या जातवाले ते.” आणि बोलता बोलता गाडी माशावरून घसरून दुसरीकडं जायची, चाळीतल्या बायकांवर, बाबांच्या तापट स्वभावावर, मी लहानपणी गिळलेल्या नाण्यावर. मी चहा घेऊन ऐकत बसायचे. खरं सांगायचं तर त्या दिवसांत मी लॅबमधून पळत घरी यायचे.

आणि मग एका संध्याकाळी रावसाहेबांच्या शेपटीचा एक तुकडा गायब दिसला.

हा मासा मेला तर आई परत गप्प होणार, एवढं मला स्वच्छ कळत होतं. त्यामुळे मी त्या शेपटीमागं हात धुऊन लागले. रघुला मोबाइलवर फोटो दाखवला. तो म्हणाला, “फिन रॉट. पर कुजतात. सगळ्यांचं होतं.” त्यानं निळं औषध दिलं. ते बघून मला हसू आलं, कारण तेच निळं मी लॅबमध्ये स्लाइड रंगवायला वापरते. पाणी बदललं, औषध घातलं, खडे मीठ घातलं. दोन आठवड्यांत शेपटीच्या कडेला नवा पातळ पारदर्शक पडदा आला. आईनं त्या दिवशी शिरा केला. चार दिवसांनी तो पडदा फाटलेला होता.

मग मी स्वतः बघायला लागले. कुजलेल्या पराची कड काळपट किंवा पांढुरकी होते आणि रोग हळूहळू आत सरकतो. इथं कड स्वच्छ होती. पाण्यात गळून पडलेला पराचा एक कण मी डबीतून लॅबमध्ये नेला आणि जेवणाच्या सुट्टीत स्लाइड केली. शेजारच्या टेबलावरच्या मयूरनं विचारलं, “मॅडम, पेशंट कोण?” मी म्हटलं, घरचा आहे. त्यानं डोकावून बघितलं आणि म्हणाला, “अहो, हे माणसाचं नाही.” मी म्हटलं, मला माहीत आहे, तू तुझा डबा खा. स्लाइडमध्ये दोष काढावा असं काही नव्हतं.

म्हणजे रोग नाही, जखम. मी जुनी नायलॉनची ओढणी त्या प्लॅस्टिकच्या झाडावरून फिरवली, दोन ठिकाणी धागा अडकला. झाड फेकलं. पर भरले, परत फाटले. फिल्टर ओढत असेल म्हणून त्याच्या तोंडाला स्पंजचा तुकडा बांधला. पर भरले, परत फाटले. पाणी तपासायच्या पट्ट्या आणल्या, अमोनिया शून्य. बांगड्याच्या दिवशीच्या फडक्यावरही मी संशय घेतला, आणि आईनं दोन आठवडे घरात मासे आणू दिले नाहीत. मालवणी घरात दोन आठवडे भेंडी आणि दोडका. तेही वाया गेलं.

शेपटीवरच्या खुणा आता अर्धगोल दिसायच्या, कुणीतरी घास घेतल्यासारख्या. आई रोज विचारायची, “बरो होतलो ना गो?” मी म्हणायचे, होईल. पेशंटच्या नातेवाइकांना मी कधी असं काही सांगत नाही. आमच्याकडं तो नियमच आहे. टेक्निशियननं तोंडानं निदान सांगायचं नाही, रिपोर्ट लिफाफ्यात घालून द्यायचा, सांगायचं काम डॉक्टरांचं. पण आईला लिफाफा कसा देणार?

नोव्हेंबरात मला ताप आला आणि मी पाच दिवस घरी पडून होते. त्या पाच दिवसांत रावसाहेबांच्या शेपटीला ओरखडासुद्धा आला नाही. मी कामावर गेले आणि दुसऱ्याच दिवशी मधोमध खिंडार. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी प्रत्येक नव्या जखमेला लाल फुली करत होते, ते काढून नीट बघितलं. अडीच महिन्यांत एकही फुली सोमवारी सकाळची नव्हती. रविवारी मी घरी असते. जे काही होत होतं ते मी घरात नसताना होत होतं. आणि मी नसताना घरात फक्त आई असते.

मला आईचा संशय आला. हे लिहायला लाज वाटते, पण आला. म्हाताऱ्या माणसांचे हात काय करतात सांगता येत नाही. मी सहज विचारल्यासारखं केलं, “दुपारी टाकीशी काय करतेस गं?” ती म्हणाली, “काय करतलंय? बसतंय.”

बुधवारी अर्धी रजा टाकली आणि अडीच वाजता माझ्या किल्लीनं आवाज न करता दार उघडलं. आतून आईचा आवाज येत होता. बातम्या देतानाचा नाही, पूर्वीचा, चाळीतल्या गॅलरीत दुपारी धान्य निवडताना यायचा तो. भरलेला, मधेच हसणारा. मी चपला न काढता तिथंच उभी राहिले. खोटं कशाला बोलू, मला आधी बरंच वाटलं.

आई टाकीसमोर खुर्चीत बसली होती. टाकीच्या काचेला लावून बाबांचा दाढीचा, स्टँडवाला आरसा उभा केलेला होता. पाण्यात रावसाहेब पूर्ण फुलले होते, पर पसरलेले, कल्ले फाकून बाहेर आलेले, आणि आरशावर परत परत धावून जात होते. आई त्यांना दोघांनाही, म्हणजे रावसाहेबांना आणि आरशातल्या रावसाहेबांना, कमळाबाईची गोष्ट सांगत होती. कमळाबाई चाळीत आमच्या शेजारी राहायची, आता मुलाकडं वडाळ्याला असते. “आणि मगे कमळी म्हणता कशी,” आई म्हणाली आणि हसली, “बघ, बघ, आरशातल्या धाकट्यानं ऐकल्यान. कसो फुललो.”

थोड्या वेळानं ती गुडघ्यावर हात ठेवून उठली, आरसा काढला, पदरानं पुसला आणि चहा ठेवायला आत जायला निघाली. रावसाहेबांनी टाकीत दोन फेऱ्या मारल्या. समोरचा शत्रू नाहीसा झालेला, अंगात राग तसाच. मग ते गर्रकन वळले आणि त्यांनी स्वतःच्या शेपटीचा लचका तोडला.

बावीस वर्षांत इतकं स्पष्ट निदान मी बघितलं नव्हतं.

“आई,” मी म्हटलं. ती दचकली, मग खूश झाली. “लवकर इलंस? बरा नाय वाटणा?”

“हा आरसा कशाला लावतेस?”

लहान मुलानं लाजावं तशी ती लाजली. “सोबत म्हणान,” ती म्हणाली. “दोन नर एकत्र ठेवू नको सांगितलंस. तां माझ्या लक्षात हा. पण दिवसभर एकटो रवतलो कसो? आरशात दुसरो दिसता, आणि मधी काच हा. मारामारी नाय आणि सोबत पण झाली.”

सोबत म्हणजे काय ते मला शिकवायची गरज नव्हती. कमळाबाईचा नवरा बोटीवर होता, आठ-आठ महिने नसायचा, तेव्हा आई मला रोज जेवण झालं की उशी देऊन तिच्याकडं झोपायला पाठवायची. मी सहा वर्षांची असल्यापासून बारा वर्षांची होईपर्यंत. मी काय तिचं रक्षण करणार होते? पण एकट्या माणसाला एकटं ठेवायचं नाही, हा आमच्या मजल्यावरचा नियम होता आणि तो कुणी मोडल्याचं मला आठवत नाही. आईनं तो माशालाही लावला होता.

“आणि मी घरी असते तेव्हा का नाही लावत?” मी विचारलं.

“तू असलंस की तेका एकटा वाटणा नाय,” ती म्हणाली.

तिथं मी थांबायला हवं होतं. खाली बसायला हवं होतं, चहा घ्यायला हवा होता, दोन दिवस विचार करून मग काहीतरी गोड बोलायला हवं होतं. पण अडीच महिने मला चकवणारी गोष्ट हाती लागली होती, आणि तोंडानं निदान सांगायची मला कधी सवयच नव्हती. मी रिपोर्ट वाचल्यासारखं सांगून टाकलं. “आई, तो आपलीच शेपटी खातोय. या आरशामुळं. त्याला वाटतं, समोर दुसरा नर आलाय, त्याला मारायचंय. मारता येत नाही म्हणून स्वतःला चावतो. त्याला सोबत नको असते. तो एकटाच बरा असतो.”

आई टाकीकडं बघत राहिली. पराचा तुटलेला तुकडा अजून पाण्यात तरंगत होता.

“म्हणजे तो खूश नव्हतो,” ती म्हणाली.

“नाही.”

“रोज दुपारी मी तेका छळी होतंय.”

“तुला माहीत नव्हतं ना.”

आरसा तिनं कपाटात साड्यांच्या खाली ठेवला आणि चहा ठेवायला गेली. चहात त्या दिवशी साखर नव्हती. मी तसाच प्यायले.

रावसाहेब झपाट्यानं बरे झाले. तीन आठवड्यांत पर पूर्ण भरले, महिन्याभरात नव्या पडद्यालाही रंग चढला. रघुला फोटो दाखवला तर तो म्हणाला, “ताई, शोपीस झालाय. काय केलंत?” मी त्याला आरशाचं सांगितलं. तो म्हणाला, “अहो, पाच मिनिटं चालतो आरसा. व्यायाम होतो. तासतासभर नाही लावायचा.”

मी धावत घरी येऊन आईला ते सांगितलं. पाच मिनिटं चालतं, आई. मी तुला मोबाइलवर घंटी लावून देते. ती म्हणाली, “नको.” म्हटलं, आरसा नको तर नको, नुसती समोर बसून बोल, तुझी त्याला काही अडचण नाही, तू काही नर मासा नाहीस. विनोदाला ती हसली नाही. “तेका बरा वाटता ना, रवांदे,” ती म्हणाली. तिनं खुर्ची टाकीसमोरून उचलून स्वयंपाकाच्या खोलीत नेली होती. दाणे घालायचं कामही तिनं माझ्याकडं दिलं. दारातल्या बातम्या बंद झाल्या. मी विचारलं, रावसाहेब काय म्हणतात, तर म्हणायची, “मी बघूक नाय.” मग तेवढंही उत्तर येईना. “इलंस?” आणि “कडी लाव.”

मी हातपाय मारले. वडाळ्याला फोन लावून दिला. कमळाबाईला आता फोनवर ऐकू येत नाही, दोघी बराच वेळ एकमेकींना नुसतं “हॅलो” म्हणत राहिल्या. तिला आणते म्हटलं तर आई म्हणाली, “कित्याक? तिका तिचा घर हा.” दुपारची सोबत म्हणून एक बाई ठेवते म्हटलं, तर मान हलवली. लॅबमध्ये दुपारी घरी राहता येईल अशी पाळी आहे का विचारलं, नव्हती. नोकरी सोडू शकत नव्हते. मग परत एकदा तिचं रक्त काढलं, कारण मला दुसरं काय येतं? सगळं नॉर्मल.

एका रविवारी संध्याकाळी आई आत पडली होती. मी एकटी टाकीसमोर उभी होते. रावसाहेब ऐटीत फिरत होते, शेपटी अखंड, एक सुरकुती नाही. माझ्या डोक्यात तिडीक गेली. तो मासा बरा होता आणि त्याच्या बरं होण्याची किंमत आत भिंतीकडं तोंड करून पडली होती. मी कपाट उघडलं, साड्यांखालून आरसा काढला आणि टाकीला लावला.

रावसाहेब फुलले. कल्ले बाहेर आले, धावून गेले. मी घड्याळ बघितलं नाही. पाच मिनिटं झाली, दहा झाली, मग मी मोजायचं सोडून दिलं. “आई,” मी हाक मारली, “बघ ना, रावसाहेब कसे फुललेत.” हाक मारताना मला पुरतं माहीत होतं की मी काय करतेय. आरसा काढल्यावर तो स्वतःला चावणार, हे माझ्याहून जास्त कुणालाच माहीत नव्हतं. चावू दे, असं मला वाटलं. शेपटी जाऊ दे. आईला एकदा बाहेर येऊन त्याच्याशी बोलू दे.

आई आली. तिनं आधी टाकीकडं बघितलं, मग माझ्याकडं. आरसा लगेच काढला नाही, आधी टाकीवर फडका टाकला, अंधार केला, मग त्या आडून हळूच आरसा काढून घेतला, म्हणजे त्याला एकदम शत्रू गेल्यासारखं वाटू नये. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मला सुचलं नसतं.

मग ती माझ्या शेजारी बसली. माझ्या पाठीवर हात ठेवला. मला वाटलं, आता बोलेल.

“मुक्या जिवाक त्रास देव नको गो,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, मला समजावत होती. “सगळ्यांकाच सोबत लागता असा नाय. तूच सांगितलंस ना. तुका पण लागूक नाय कधी. मीच येडी, माका उशिरा समाजला.”

माझी पाठ थोपटून ती उठली आणि आत गेली.

मला लागते, असं मला म्हणायचं होतं. पण बावीस वर्षं मी सगळ्यांचं निदान लिफाफ्यात घालून दिलं होतं, आणि आत तिनं दिवाही मालवला होता.